एका 'सेट'चा मोठा संसार

परभाषा शिकणाऱ्या माणसाची अशी समजूत असते की, लांबलचक आणि उच्चारायला अवघड असे शब्द हीच त्या भाषेतील खरी अडचण. अनुभव मात्र याच्या उलट आहे. लांब शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो. तो एकदा पाठ केला की काम भागते. 'थर्मामीटर' या शब्दाचा अर्थ सांगताना कोणाचीही तारांबळ उडत नाही. तारांबळ उडते ती पोरासोरांच्या तोंडी असणाऱ्या चिमुकल्या शब्दांपाशी. इंग्रजीतील 'सेट' हा असाच एक शब्द आहे. लिहायला तीन अक्षरे, उच्चारायला निमिषमात्र. पण याच शब्दाने थोर थोर कोशकारांना घाम फोडला आणि याच शब्दाच्या चुकीच्या भाषांतराने एखाद्या सामान्य माणसाचे नुकसानही होऊ शकते. म्हणून त्याची ओळख जरा नीट करून घेणे उपयोगाचे आहे.

इंग्रजी भाषेचा महाकोश रचावा ही कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली पुढे आली. योगायोग असा की, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत प्रसिद्ध झाली तीही याच साली. इंग्रजी महाकोशाचे संपादन १८७९ पासून जेम्स मरे यांच्याकडे आले, पहिला भाग १८८४ साली निघाला आणि सारे काम पुरे व्हायला १९२८ साल उजाडले. मरे त्यापूर्वीच, १९१५ साली, निवर्तले होते. हाच पुढे ऑक्सफर्ड कोश म्हणून प्रसिद्धीस आला. १९८९ साली वीस खंडांत निघालेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद होती ती 'सेट' या शब्दाची. नुसत्या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ आणि त्यांच्या विवरणाला सुमारे ६०,००० शब्द, म्हणजे एक मध्यम आकाराचा ग्रंथच झाला. पुढे कोशाच्या नव्या संशोधनात, २०११ साली, 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले आणि पहिला मान त्याच्याकडे गेला. तरीही 'सेट'चा संसार काही लहान झाला नाही.

आता प्रश्न असा की, इंग्रज मूल हे चारशे-साडेचारशे अर्थ पाठ करते काय? मुळीच नाही. त्याच्या मनात एक मूळ क्रिया ठसलेली असते आणि बाकीचे अर्थ तो प्रसंगावरून उकलतो. ती मूळ क्रिया कोणती, हे मराठी माणसाला सांगायला फार वेळ लागू नये. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे. त्याचेच प्रयोजक रूप 'सेट', म्हणजे बसवणे. मराठीत जसे पडणे-पाडणे, बसणे-बसवणे, तशीच ही जोडी आहे. जर्मन भाषेतही 'झिट्सेन' आणि 'झेट्सेन' ही याच अर्थांची जोडी आजही नांदते. एवढेच नव्हे, तर या शब्दांचे मूळ आपल्याही घरापर्यंत पोहोचते. संस्कृतातील 'सद्' धातू हा त्यांचा सगोत्र. 'सीदति' म्हणजे बसतो आणि 'सादयति' म्हणजे बसवतो. सदन, परिषद, संसद, उपनिषद हे सारे त्याच धातूचे वंशज. म्हणजे इंग्रज गृहिणी फुलदाणी मेजावर 'सेट' करते तेव्हा तिच्या तोंडी आपल्या 'संसदे'चा एक दूरचा भाऊबंद असतो. मराठीतील 'बसणे' मात्र या धातूपासून आलेले नाही. ते 'उपविश्'पासून, जुन्या 'बैसणे'च्या मार्गाने आले. परंतु कूळ वेगळे असूनही दोन्ही शब्दांनी अर्थाचा प्रवास जवळजवळ बरोबरीने केलेला दिसतो. 'सेट' समजून घेण्याची किल्ली मराठी वाचकाच्या हाती आहे ती इथे.

सोनार अंगठीत खडा बसवतो. इंग्रजीत तो 'सेट' करतो. निखळलेले हाड वैद्य बसवतो. इंग्रजीतही हाड 'सेट'च केले जाते. वस्तू नेमकी जिथे असावी तिथे आणून स्थिर करणे, हा या सर्वांतला समान धागा. जेवणाचे टेबल 'सेट' करणे म्हणजे आपल्याकडचे पाटपाणी करणे. छापखान्यात खिळे जुळवणे यालाही 'सेट' करणे म्हणत. पुढे वस्तूंच्या जागी अमूर्त गोष्टी आल्या. तारीख 'सेट' करणे म्हणजे ठरवणे, दर 'सेट' करणे म्हणजे बांधून देणे, प्रश्नपत्रिका 'सेट' करणे म्हणजे काढणे, आणि धडा 'सेट' करणे म्हणजे नेमून देणे. विक्रम 'सेट' करतात तो प्रस्थापित करतात, उदाहरण 'सेट' करतात ते घालून देतात. मराठीत प्रत्येक ठिकाणी वेगळे क्रियापद आले, म्हणून अर्थ वेगळे वाटतात. पण अधांतरी असलेली गोष्ट एका जागी पक्की करणे हा मूळ भाव कोठेही सुटलेला नाही.

'बसवणे' जिथे थकते तिथे मराठीत 'लावणे' मदतीला धावून येते. 'सेट'चा दुसरा मोठा फाटा, म्हणजे एखादी गोष्ट सज्ज करून सुरू करून देणे, हा बहुतेक सगळा 'लावणे'च्या वाट्याला जातो. सापळा लावणे, घड्याळाचा गजर लावणे, आग लावणे, माणसाला कामाला लावणे, कवितेला चाल लावणे या प्रत्येकाला इंग्रजीत 'सेट' चालतो. सापळा आणि चाल, आग आणि काम यांच्यात साम्य काय, असे एखादा इंग्रज विचारील, तर त्याला आपणही उत्तर देऊ शकणार नाही; कारण आपल्या जिभेला हे साम्य इतके सवयीचे झाले आहे की ते दिसतच नाही. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाची 'लागणे' या शब्दापुढे नेमकी हीच अवस्था होते. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, वेळ लागतो, नोकरी लागते, बोल लागतो आणि गावही लागते! मोल्सवर्थच्या कोशात या क्रियापदाखाली अर्थांची मोठी रांगच उभी आहे. तेव्हा 'सेट' पाहून इंग्रजी भाषेला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रत्येक जुन्या, राबत्या भाषेत अशी दहा-वीस क्रियापदे असतात आणि भाषेचा निम्मा भार तीच वाहतात.

कधी कधी 'सेट' आपले प्रयोजक रूप सोडून स्वतःच बसू लागतो. सूर्य 'सेट' होतो तो असा. त्याला कोणी बसवत नाही, तो आपण होऊन खाली बसतो. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला एक शब्द होता, 'सेट्लगांग'; त्याचा अर्थ आसनाकडे जाणे. दिवसभर चालून थकलेला सूर्य संध्याकाळी आपल्या आसनावर जाऊन टेकतो, अशी ती कल्पना. मराठीत तो मावळतो. हवामानाच्या बाबतीत 'सेट इन' असा प्रयोग येतो. पावसाळा 'सेट इन' झाला म्हणजे आला आणि ठाण मांडून बसला. येथे बडोद्याच्या मराठी वाचकाला कोश उघडण्याची गरजच नाही. त्याचा गुजराती शेजारी 'चोमासुं बेठुं' असे म्हणतो तेव्हा तो अक्षरशः 'पावसाळा बसला' असेच म्हणत असतो. आणि दिवाळीनंतरच्या पाडव्याला तो 'बेसतुं वरस' म्हणतो, ते बसणारे, म्हणजे सुरू होणारे वर्ष. बसण्यातून आरंभाचा अर्थ कसा निघतो याचे इतके सुंदर उदाहरण लंडनपेक्षा बडोद्यातच लवकर सापडावे, ही दोन भाषांच्या शेजारात राहण्याची कमाई आहे.

यापुढचा अर्थ गोठण्याचा. पातळ पदार्थ हलायचा थांबला, एका आकारात बसला, की तो 'सेट' झाला. जेली 'सेट' होते, दही 'सेट' होते. मराठीत दही लागते. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीच्या सहवासाने ते जमते. बांधकामात या अर्थाला फार काटेकोर महत्त्व आहे. सिमेंटमध्ये पाणी पडल्यावर ते आधी 'सेट' होते आणि मग कठीण होत जाते. या दोन वेगवेगळ्या अवस्था आहेत. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटचे घट्ट होणे ३० मिनिटांच्या आत सुरू होता कामा नये आणि ६०० मिनिटांच्या आत ते पूर्ण झाले पाहिजे. खरे बळ मात्र त्यानंतरही दिवसेंदिवस वाढत राहते, म्हणून त्याची परीक्षा २८ दिवसांपर्यंत करतात. 'सेट' झाले याचा अर्थ 'पक्के झाले' असा घेऊन जो मालक दुसऱ्याच दिवशी स्लॅबवर पाणी मारणे थांबवतो, तो एका शब्दाच्या अर्थापायी आपल्या घराचे आयुष्य कमी करून घेतो.

आता नामाकडे वळू. चहाचा सेट, दागिन्यांचा सेट, टेनिसचा सेट, आणि गणितातील सेट, ज्याला मराठी पाठ्यपुस्तके 'संच' म्हणतात. हे सारे अर्थ 'बसवणे' या क्रियेतून ओढून-ताणून काढण्याचा मोह होतो. पण येथे एक गंमत आहे. समूह या अर्थाचा 'सेट' हा मुळात वेगळाच शब्द आहे. तो लॅटिन 'सेक्टा'पासून जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. 'सेक्टा' म्हणजे एकामागून जाणाऱ्यांचा समुदाय, अनुयायांचा मेळा. पंथ या अर्थाचा इंग्रजी 'सेक्ट' हाही तोच. त्याच्या मुळाशी अनुसरण्याचा धातू आहे आणि त्याचा संस्कृत सगोत्र 'सच्', म्हणजे बरोबर असणे. याच धातूपासून आपला 'सचिव' शब्द आला. राजाच्या सदैव बरोबर असणारा तो सचिव. दोन निरनिराळ्या प्रदेशांतून आलेल्या दोन नद्या एका पात्रात मिळाव्यात, तसे हे दोन शब्द इंग्रजीत एका उच्चारात मिसळून गेले, आणि पुढे त्यांचे पाणी वेगळे ओळखता येईनासे झाले. म्हणून बसवण्याचा 'सेट' संसदेच्या कुळातला, तर चहाच्या कपबशांचा 'सेट' सचिवाच्या कुळातला. बेळगावच्या उपाहारगृहात दोन-तीनच्या जोडीने ताटलीत येणारा 'सेट डोसा' हाही या हिशेबाने सचिवाचाच आप्त ठरतो!

नाटकाचा सेट मात्र बसवण्याच्या कुळातला आहे. रंगमंचावर दृश्य मांडणे, यावरून ते नाम बनले. मराठी रंगभूमीवर पूर्वी रंगवलेल्या पडद्यांवर काम भागत असे. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणले तेव्हा वास्तववादी नेपथ्याला प्रतिष्ठा मिळाली. आणि पुढे 'सेट' हा शब्द नाटकाबरोबरच चित्रपटाच्या व्यवसायातही घरचा झाला.

एवढ्यावर भागले असते तरी पुष्कळ होते. पण 'सेट'ला एकट्याने हिंडायची सवय नाही. 'अप', 'ऑफ', 'आउट', 'असाइड', 'बॅक' यांपैकी एखादा छोटा सोबती बरोबर आला की त्याचा अर्थच पालटतो. 'सेट आउट' म्हणजे प्रवासाला निघणे, आणि मुद्देसूद मांडणे हेही. 'सेट अप' म्हणजे उभारणे किंवा स्थापन करणे. पण बोलण्यात एखाद्याला कपटाने गोवणे असाही त्याचा अर्थ होतो. 'सेट ऑफ' म्हणजे वाटेला लागणे, फटाका उडवणे, एखाद्या रंगाने दुसऱ्या रंगाची शोभा खुलवणे, आणि हिशेबात वजावट करणे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या आठव्या आदेशाच्या सहाव्या नियमात हीच वजावट येते. वादीने पैशासाठी दावा केला आणि वादीकडूनच प्रतिवादीला ठरावीक रक्कम कायदेशीरपणे येणे असली, तर प्रतिवादीने ती वळती करून मागणे, हा तो 'सेट-ऑफ'. फौजदारी कायद्यातही कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा करण्याला हाच शब्द आहे. या ठिकाणी कोणी फटाका आठवून चालणार नाही.

सर्वांत अधिक सावधगिरी हवी ती 'सेट असाइड' या प्रयोगापाशी. घरखर्चातून पैसे 'सेट असाइड' केले म्हणजे बाजूला काढून ठेवले. ते शिल्लक असतात आणि हवे तेव्हा वापरता येतात. पण न्यायालयाने हुकूमनामा 'सेट असाइड' केला म्हणजे तो रद्द केला; त्याचा अंमल संपला. त्याच संहितेच्या नवव्या आदेशाच्या तेराव्या नियमाप्रमाणे, गैरहजेरीत झालेला एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी प्रतिवादीला अर्ज करता येतो, तोही याच शब्दांत. आता अशी कल्पना करावी की, एका शेतकऱ्याने खालच्या न्यायालयात जमिनीचा दावा जिंकला. प्रतिपक्ष अपिलात गेला आणि जिल्हा न्यायालयाने तो हुकूमनामा 'सेट असाइड' केला. कोणी त्याला सांगितले, 'तुमचा निकाल बाजूला ठेवला आहे.' शेतकरी समजतो की निकाल कायम आहे, फक्त काही दिवस थांबायचे. प्रत्यक्षात निकाल उरलेलाच नाही, आणि दुसरे अपील उच्च न्यायालयात दाखल करण्यासाठी मुदत कायदा, १९६३ प्रमाणे असलेले ९० दिवस मात्र एकेक करून सरत आहेत. 'रद्द' हा दोन अक्षरांचा शब्द वेळेवर कानी पडला असता तर तो माणूस वकिलाकडे धावला असता. काही काळ थांबवण्याला कायद्यात 'स्टे' हा निराळा शब्द आहे, मराठीत त्याला स्थगिती म्हणतात. स्थगिती आणि रद्दबातल यांच्यातले अंतर म्हणजे कधी कधी घर राहणे आणि घर जाणे यांच्यातले अंतर असते.

हा धोका जुन्या राज्यकर्त्यांच्याही लक्षात आला होता. राज्यकारभार लोकांच्या भाषेत चालवायचा तर इंग्रजी संज्ञेसमोर नेमका देशी शब्द हवा, या जाणिवेने सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा कोश प्रसिद्ध केला. त्यात कारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द शेजारी शेजारी दिले आहेत. एका संज्ञेसाठी इतक्या भाषांची झडती घेण्याचे कारण विद्वत्तेची हौस हे नव्हते. हुकूम ज्याच्यासाठी काढला त्याला तो कळला पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती. सीमाभागात आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला तर हुकूम, नोटिसा आणि करारनामे निरनिराळ्या भाषांत वाचावे लागतात. त्याला ही दृष्टी आजही उपयोगी पडेल.

मराठीने इंग्रजीतून 'सेट' उचलला, तो सगळा संसार पाठीवर घेऊन आलेला नाही. उसना शब्द बहुधा आपल्या एक-दोन अर्थांनिशीच दाराशी येतो. आपल्याकडे आधी आला तो वस्तूंचा सेट, रेडिओचा सेट, नाटक-सिनेमाचा सेट. मग 'करणे' आणि 'होणे' यांचा हात धरून तो क्रियापदांत शिरला. घड्याळ सेट करणे, केस सेट करणे हे त्यातलेच. आणि आता तर त्याने इथल्या मातीत नवी मुळेही धरली आहेत. 'मुलगा सेट झाला' असे आई समाधानाने म्हणते, तेव्हा तिला नोकरी, बिऱ्हाड आणि बहुधा लग्नसुद्धा अभिप्रेत असते. इंग्रजाच्या तोंडी याच अर्थी 'सेटल' येईल. तोही आसनवाचक शब्दापासून निघालेला, 'सेट'चाच चुलतभाऊ. याउलट महाराष्ट्र आणि गोव्यात प्राध्यापक होण्यासाठी देतात ती 'सेट' परीक्षा ही या कुळातली नाहीच. ती तीन इंग्रजी आद्याक्षरांची मोळी आहे. रूप सारखे दिसले म्हणून नाते जोडू नये, हा धडा ती आपोआप देते.

मग एवढ्या मोठ्या संसाराशी वागावे कसे? पहिली गोष्ट, यादी पाठ करू नये. मूळ क्रिया मनात धरावी आणि वाक्यात काय बसवले जात आहे, कोठे, आणि कशासाठी, असे विचारावे. दुसरी गोष्ट, शब्दाच्या मागे लागलेला छोटा सोबती कधीही नजरेआड करू नये. 'सेट'पेक्षा 'असाइड' अधिक बोलतो. तिसरी गोष्ट, शब्दाला शब्द न देता प्रसंगाला शब्द द्यावा. खड्याला कोंदण, कवितेला चाल, दह्याला विरजण, निकालाला 'रद्द' असे ज्याचे त्याला द्यावे. मराठीजवळ हे शब्द आहेत, आणि ते वापरात आहेत. इंग्रजीत एकच क्रियापद ही सगळी कामे करते म्हणून मराठीतही एकाच शब्दाला त्या सर्व ठिकाणी उभे करणे, हे इंग्रजी येण्याचे लक्षण नव्हे. इंग्रजी नीट समजलेला माणूस 'सेट' वाचतो आणि त्या त्या जागी शोभेल असा मराठी शब्द आपोआप त्याच्या ओठांवर येतो.